सेमी-ऑटो अडकते ती कशामुळे?

मा. संपादक,
स. न.

२०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या नौपाड्यात चहाच्या टपरीवरसुद्धा पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .२२ इंची छोट्या काडतुसाच्या रायफलींच्या गप्पा चालतात, आणि दर वेळी कोणीतरी ठोकून देतो की सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल) म्हणजे भंगार, सारखी अडकते. अहो, असं नसतं.

मी स्वतः रेंजवर मित्राच्या सेमी-ऑटोने मारत होतो, पहिली सात-आठ काडतुसं मस्त गेली आणि मग रिकामी पुंगळी बोल्टमध्ये (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दट्ट्यात) धुराड्यासारखी उभी राहिली. सगळे रायफलीला शिव्या देतायत, आणि पेटी बघितली तर सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या कमी जोराच्या गोळ्या! या रायफलीत बोल्ट मागे ढकलायचं काम पुंगळीच करते, काडतुसात जोर कमी असला की बोल्ट अर्ध्यातच थांबणार. शिवाय पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे त्याचा पेटता मसाला कडेच्या गोल रिममध्ये भरलेला, तो कुठे कमी पडला की नुसतं ठक्क, बार नाहीच. त्यात गोळीवरचं मेण आणि काजळी आत साचते ती वेगळीच, साफ कोण करतो?

नेमबाजीत बोल्ट-अ‍ॅक्शन (दर वेळी हाताने बोल्ट ओढायची रायफल) वरचढ हे मान्य, ५० मीटरवर दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचं, तिथे एकेक गोळी हाताने भरलेलीच बरी. पण चांगली नळी आणि मानवणारं काडतूस मिळालं तर सेमी-ऑटोही छान ग्रुप देते, म्हणजे गोळ्या एकाच जागी दाटीने लागतात, फक्त चार ब्रँड मारून बघायला लागतात, आणि काडतुसांचे भाव बघता तेच जिवावर येतं म्हणा.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे