सुरक्षेची तपासणी यंत्रापाशीच थांबू नये : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कारखान्यांतील वरिष्ठांची वागणूक, कामाचे तास आणि कामगारांचे मानसिक आरोग्य व सुरक्षितता

महोदय,

वाळूज औद्योगिक वसाहतीत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मान्यता दिली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार कायदे, लागू झाल्या. या बदलांवर तासांच्या आणि पगाराच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. मला लिहायचे आहे ते वरिष्ठांच्या वागणुकीविषयी, कारण माझ्या अनुभवात अपघाताची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच झालेली असते आणि शासनाची तपासणी मात्र यंत्रापाशी येऊन थांबते.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत, आणि प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, बोटे तुटणे हा त्यांतला जुना अपघात आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी तिची रचना असते. नव्या यंत्रांना त्याच्या जोडीला हात आत असल्यास यंत्र थांबवणारा सेन्सरही असतो. अपघातानंतर पाहावे तर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेले सापडते किंवा सेन्सर बंद केलेला असतो, आणि मग ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे कारण लिहून चौकशी आटोपते. त्याने बटण का बांधले होते, हे सहसा कोणी विचारत नाही, पण कारखान्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. दोन्ही हात गुंतवून काम केले तर तासाचे टार्गेट पुरे होत नाही, टार्गेट चुकले की सगळ्या लाइनसमोर शिव्या बसतात, आणि बांधलेले बटण सुपरवायझरने आधीच पाहून न पाहिल्यासारखे केलेले असते. शिवाय शिव्या खाल्लेल्या माणसाचे लक्ष पुढचा तासभर यंत्रापेक्षा सुपरवायझर कुठे उभा आहे याकडेच अधिक असते. जालन्याच्या स्टील उद्योगात यंत्रे वेगळी असली तरी गणित हेच आहे : ओले किंवा बंद तोंडाचे भंगार भट्टीत गेले तर स्फोट होतो, ते वेचून बाजूला काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ मागण्याची हिंमत भट्टीवरच्या माणसात असावी लागते.

ही हिंमत का नसते, हे समजण्यासाठी कामगार कुठून येतो ते पाहावे लागेल. गंगापूर, वैजापूर, पैठण आणि त्याही पलीकडे बीड, परभणी, हिंगोलीच्या खेड्यांतून आलेली मुले रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी भागात एका खोलीत चार-पाच जण मिळून राहतात. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेल्यावर तर अनेक घरांचा महिना याच पगारावर चालू लागला. यांतले पुष्कळ जण ठेकेदारामार्फत भरलेले असतात, आणि सकाळी सुपरवायझरशी वाद झाला तर संध्याकाळपर्यंत ‘गेट बंद’ होऊ शकते, त्यासाठी नोटीस लागत नाही की चौकशी. 31 डिसेंबर 2023 रोजी पहाटेच्या अंधारात वाळूजमधील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण दगावले. ज्याचे काम आणि रात्रीचा निवारा दोन्ही एकाच मालकाच्या हातात आहे, तो माणूस ‘बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही’ अशी तक्रार कोणाकडे करणार?

नवी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता कामगाराला गंभीर इजेची रास्त भीती वाटल्यास ती मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क देते. हक्क चांगला आहे. मात्र सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती सर्वसाधारण कारखान्यात 500 आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात 250 कामगारांपासून सुरू होते. जुन्या कायद्यातील 1000 च्या तुलनेत ही सुधारणाच आहे, तरीही आमच्याकडचे असंख्य छोटे पुरवठादार कारखाने तिच्या बाहेरच राहतात, आणि बोटे तिथेच अधिक जातात.

दुसरी गोष्ट नोंदीची. कामगार 48 तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवणे बंधनकारक आहे. ही अट टाळण्याची युक्ती या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा : पट्टी बांधलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणायचे, खुर्चीवर बसवून ठेवायचे आणि त्याची हजेरी लावायची. फलकावर मग ‘अपघातविरहित दिवस’ वाढत राहतात. दुखऱ्या हाताने आठ तास तिथे बसलेला माणूस आणि त्याला बसलेले पाहणारे इतर पन्नास जण यातून काय शिकतात, ते वेगळे सांगायला नको.

आता तासांविषयी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयात तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तासांवर नेताना कामगाराची लेखी संमती आवश्यक मानली आहे. ठेकेदाराच्या कामगाराची ही संमती कशी मिळते? भरतीच्या दिवशी पुढे आलेल्या आठ-दहा कागदांत ती एक असते, आणि सही झाल्यावर गेटपास मिळतो. या संमतीवर विसंबून कोणी धोरण आखू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुपरवायझरला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. तो बहुधा आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, पंचविशी-तिशीतला, चांगला ऑपरेटर होता म्हणून बढती मिळालेला मुलगा असतो. माणसे कशी सांभाळावीत हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या कंपनीची लाइन थांबली तर दंड बसेल, हा फोन दर तासाला त्याच्यावर येत असतो. वरून जे मिळते तेच तो खाली देतो. अपघाताची खबर मिळाल्यावर ‘कोणाला लागले?’ असे आधी विचारणारा प्लँट हेड आणि ‘प्रॉडक्शन किती गेले?’ असे विचारणारा प्लँट हेड, असे दोन्ही मी पाहिले आहेत. पहिल्याच्या हाताखालचे सुपरवायझर थोडक्यात टळलेले अपघात आपणहून सांगत, दुसऱ्याच्या हाताखालचे ते दडपत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली आहे, ती उगाच नव्हे.

कायद्याच्या भाषेत मात्र मन अजून कारखान्यात शिरलेले नाही. अधिसूचित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. मानसिक आजार एकही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2010 च्या यादीत तो आहे. डोळ्यांदेखत सहकाऱ्याचा हात प्रेसमध्ये गेलेला पाहून पुढे रात्री झोप न येणारा कामगार आमच्याकडे ‘आळशी’ ठरतो आणि महिनाभरात आपोआप नोकरी सोडून जातो. 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, पण तो क्रमांक लावलेली कारखान्याची भिंत मला क्वचितच दिसली.

आपल्याकडे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनी कारखान्यात गेल्यावर ठेकेदारी कामगारांशी, व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत, स्वतंत्र बोलावे आणि अपघाताच्या चौकशीत त्या पाळीचे टार्गेट, आधीच्या आठवड्यातील तास आणि सुपरवायझरचे आदेश नोंदवणे सक्तीचे करावे. ओव्हरटाइमची संमती दर तिमाहीला नव्याने घ्यावी, आणि नकार देणाऱ्याचे पुढे काय झाले ते तपासावे. सुपरवायझर होण्यापूर्वी माणसे हाताळण्याचे प्रशिक्षण अनिवार्य करता येईल. आयटीआयची यंत्रणा त्यासाठी हाताशी आहेच. चिकलठाण्याच्या राज्य कामगार विमा रुग्णालयातील मानसोपचाराची सेवा पाळी सुटल्यावर, संध्याकाळी मिळावी, कारण दिवसा तिथे जायचे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे.

हे सर्व राज्यभर एकदम करणे अवघड वाटत असेल तर वाळूज आणि जालना या दोन वसाहतींपासून एका वर्षासाठी सुरुवात करावी आणि वर्षअखेरीस नोंदवलेल्या अपघातांची संख्या वाढली तर घाबरून प्रयोग थांबवू नये. पहिल्या वर्षी ती वाढेलच, कारण आजवर खुर्चीवर बसवून लपवलेले अपघात तेव्हा कागदावर येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर