द्वारकेजवळच्या वायरमन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं टाकू नका म्हणालात, नाही टाकत. पण आभार जाहीरच मानणार. याच नाशकात ज्यांनी पैसे घेऊन हात झटकले त्यांच्याबद्दल मी चारचौघांत भरपूर बोललोय, मग तुमच्याबद्दल गुपचूप का बोलायचं?

आमच्या कॅम्पर व्हॅनला दोन बॅटऱ्या. पुढची स्टार्टरची, मागची फ्रिज, दिवे आणि पंख्याची. गाडी चालू असली की अल्टरनेटरनं दोन्ही भराव्यात, एवढी साधी अपेक्षा. मागची काही भरेना. त्र्यंबकला मुक्काम केला की सकाळी फ्रिजनं मान टाकलेली. एका मोठ्या दुकानानं ‘बॅटरी उडाली’ म्हणत नवी गळ्यात मारली. तीही भरेना, तेव्हा म्हणे अल्टरनेटर बदला. दुसऱ्यानं रिले, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच, बदलला आणि वर आम्हालाच सुनावलं, गाडीत संसार थाटायची हौस कशाला! मीटर लावून बघायची तसदी मात्र दोघांनीही घेतली नाही.

तुम्ही वायरला हात लावायच्या आधी विचारलंत, “सप्लाय काढतोय. फ्रिजमध्ये खराब होण्यासारखं काही आहे का?”

आईचं इन्सुलिन होतं. मी सांगेपर्यंत तुम्ही हात पुसलेसुद्धा. डबा स्वतः उचलून शेजारच्या मेडिकलमध्ये नेलात आणि तिथल्या पोराला बजावलंत, “खालच्या कप्प्यात ठेव. बर्फाजवळ अजिबात नको, गोठलं की वाया जातं.” हे तुम्हाला कसं ठाऊक, ते विचारायचं राहूनच गेलं. आई मात्र तेव्हापासून तुमचंच कौतुक करतेय. तिला त्या दोन बॅटऱ्यांचं काही पडलेलं नाही. इतक्या दुकानांत गाडी फिरली, पण गाडीत माणसं राहतात हे तुमच्याच ध्यानात आलं, असं तिचं म्हणणं.

बिघाड म्हणाल तर चिमूटभर. इंजिन चालू, पुढे 14.2 व्होल्ट, मागे जेमतेम 12.7. रिले नीट ओढत होता. तुम्ही मीटरची एक पिन मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी चॅसीच्या उघड्या लोखंडाला लावलीत. तिथं शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं, दिसला जवळजवळ दीड व्होल्ट. अर्थिंगच्या वायरच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे थिंबल, रंगावरच आवळलेली, मग करंट जाणार कसा! तुम्ही रंग खरवडलात, नवं थिंबल दाबून बसवलंत, वर ग्रीस लावलंत. मागचा आकडा डोळ्यांदेखत चढू लागला. नवा रिले, नवी बॅटरी सगळं फुकट गेलं होतं, आणि तरी तुम्ही आधीच्यांना एक शब्द वाईट बोलला नाहीत. मला एवढा मोठेपणा जमणार नाही, हे वर दिसलंच असेल.

पैसे घेतलेत ते थिंबलचे आणि मजुरीचे. जास्त दिले तर रागावलात. द्वारकेच्या त्या ट्रॅफिकमध्ये, दुकानासमोर तीन रिक्षा खोळंबलेल्या असताना, कुणाच्या आईच्या औषधासाठी हातातलं काम ठेवणारी माणसं अजून आहेत. अशांना ना बोर्ड असतो, ना जाहिरात. पत्ता तोंडोतोंडीच मिळतो, मलाही तसाच मिळाला.

आता सोलर पॅनेल बसवायचंय. काम तुमच्याकडेच, पण या वेळी बिल नीट लावा. आणि आई विचारतेय, काकूंना मेथीचे लाडू चालतात का?

आपला,
कॅम्परवाला, पाथर्डी फाटा