मोठी रायफल नाही, योग्य गोळी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

टेक्सासच्या रानडुकरांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, छान आहे, पण त्यात रायफल जितकी मोठी तितकं बरं असं जे म्हटलंय ते पटलं नाही. मी सॅन अँटोनिओजवळ राहतो, सीझनला मित्राच्या रँचवर जाणं होतं म्हणून लिहितोय, कॅलिबरपेक्षा, म्हणजे गोळीच्या जाडीपेक्षा, गोळी आतून कशी बनवलीय ते जास्त बघावं लागतं.

इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण अंगाने हलकं, बरगड्या पातळ. त्याला .308 कॅलिबरमधली साधी 150 ग्रेन वजनाची (साधारण दहा ग्रॅम) सॉफ्ट पॉइंट, म्हणजे आत शिसं वरून तांब्याचं पातळ कव्हर, आरामात पुरते, आत गेली की फुलते, म्हणजे टोक पसरतं, आणि हरीण लांब पळत नाही. पण मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट जाड थर असतो, इथे त्याला शील्ड म्हणतात, सोलताना सुरी घातली की टायर कापतोय असं वाटतं, त्यात वरून वाळलेला चिखल. मऊ आणि फास्ट गोळी तिथेच फुटून जाते आणि जखमी डुक्कर शिरतं झाडीत, मग अंधारात बसा शोधत. हे दुखणं जुनंच आहे, 1946 साली जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची गोळी चिखलाने माखलेल्या मूसच्या (थंड प्रदेशातलं प्रचंड हरीण) अंगात पुरेशी शिरेना म्हणून त्याने मधे तांब्याची आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी काढली, ती अजून विकली जाते.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकासकट धातूने मढवलेली गोळी, तर नकोच, स्वस्त असते खरी पण न फुलता आरपार जाते.

हरीण आणि डुक्कर दोन्हीसाठी गोळ्यांचा एकच डबा घ्यायचा तर माझं मत सॉलिड कॉपर, म्हणजे शिसं नसलेली अख्खी तांब्याची गोळी. महाग आहे, आणि फार लांबवर वेग कमी पडला की नीट फुलत नाही, पण फीडरवर, म्हणजे जनावरांना दाणे टाकायच्या जागी, शंभर यार्डात तो प्रश्नच येत नाही. शिवाय मांस आपल्याच घरी शिजतं ना, शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत उडालेले एक्सरेत दिसतात, नुसत्या डोळ्यांना नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे, शिकारीच्या अवशेषांतलं शिसं पोटात जाऊन कॉन्डर गिधाडं मरायला लागली म्हणून.

आणि एक राहिलंच, इथे खासगी जमिनीवर मालकाने हो म्हटलं की डुकराला लायसन्सही लागत नाही, हरणाला लागतं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आणि रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, तेवढी चौकट पुढच्या अंकात टाका, नाहीतर लेख वाचून कोकणात कुणीतरी बंदूक काढायचा.

एक वाचक, टेक्सास