हॅरिस पुलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे आभार

बोपोडी आणि दापोडीच्या मधे मुळा नदी आणि त्यावर हॅरिस पूल. अलीकडे पुणे महापालिका, पलीकडे पिंपरी-चिंचवड. पुलाजवळ झोपणाऱ्या आजोबांना हद्दीशी काय देणंघेणं? पण पावसाळ्यात त्यांना ताप भरला आणि आम्ही फोन फिरवले, तर पहिलं उत्तर आलं, ‘ते आमच्याकडे येत नाही.’

ज्या ताईंनी हद्द न विचारता पलीकडच्या बेघरांसाठीच्या निवाऱ्यातल्या काळजीवाहकांचा नंबर मिळवला आणि स्वतः बोलून जागा पक्की केली, त्यांचे मनापासून आभार. त्या काळजीवाहक दादांनी ‘आधार कार्ड नंतर बघू’ म्हणत आधी गादी घातली, गरम चहा दिला. आजोबांची भांड्याकुंड्यांची गोणीही आत घेतली. हे फार मोठं काम आहे, कारण सामान बाहेर ठेवायचं म्हटलं की कित्येक जण निवाऱ्यात पाऊलच टाकत नाहीत. भाडं न घेणारे रिक्षावाले काका आणि दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभा राहिलेला कॉलेजचा मुलगा, तुम्ही नावं सांगायलाही थांबला नाहीत.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत शहरातल्या १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा सांगितला होता. हिशेब शहरागणिक, माणसं मात्र कामासाठी रोज पूल ओलांडतात. म्हणून ताई आणि दादांनी एकमेकांचे नंबर जपून ठेवलेत, याचा आम्हाला विशेष आनंद आहे.

आजोबा आता ठणठणीत आहेत. पोळी नको, भाकरीच हवी म्हणून निवाऱ्यात रोज वाद घालतात.