छायाचित्र निवडायला कोण शिकवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की पुण्यात छायाचित्र स्पर्धांना आणि प्रदर्शनांना बहर येतो. पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी दागेरोटाइपचे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याचे, तंत्र सर्वांसाठी खुले करण्यात आले, त्याचे हे स्मरण. आपल्याकडे हा दिवस आषाढी वारी होऊन गेल्यावर येत असल्याने या प्रदर्शनांच्या भिंतींवर साहजिकच वारी असते. मी ही प्रदर्शने आवर्जून पाहते. मात्र गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकते आहे आणि ती आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

डोक्यावर तुळस घेतलेली माऊली, सुरकुत्यांचे जाळे पडलेला वृद्ध चेहरा, दिवे घाटाच्या वळणावर उंचावरून टिपलेला पताकांचा ओघ, ही चित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतात. पण खालची नावे झाकली तर कोणते चित्र कोणाचे हे सांगता येत नाही. कॅमेरा, लेन्स, शटरचा वेग ही माहिती व्यवस्थित छापलेली असते. छायाचित्रकार नेमका तिथेच का उभा राहिला आणि त्या दिवशी काढलेल्या शेकडो चित्रांमधून त्याने हेच का ठेवले, याविषयी मात्र एक ओळही नसते. दोन्ही पालख्या पुण्यात नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात. त्या वेळी रस्त्याकडेला पाय चेपून घेणारे, धुतलेली धोतरे वाळत घालणारे, कट्ट्यावर बसून दाढी करून घेणारे वारकरी आणि त्यांना जेवू घालणारी तिथली घरे हा सारा व्यवहार डोळ्यांसमोर चालू असतो. प्रदर्शनाच्या भिंतीवर तो क्वचितच येतो, कारण तो आधी कोणाच्या चित्रात पाहिलेला नसतो.

यावर सहसा असे उत्तर मिळते की नजर ही उपजतच असावी लागते, ती शिकवता येत नाही. शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवल्यानंतर मला हे मुळीच पटत नाही. एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राची प्रश्नपत्रिका असते. तिच्या तयारीसाठी मुलांसमोर तांब्या ठेवला की बहुतेक मुले त्याचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेत कापतात. तांब्याचे तोंड गोल असते हे त्यांना ठाऊक असते आणि तो टेबलावर सपाट बसतो हेही ठाऊक असते. म्हणून ती ठाऊक असलेले काढतात, समोर दिसणारे काढत नाहीत. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीने मापे घ्यायला लावली की काही आठवड्यांत तोंडाचा लंबगोल होतो आणि बुडालाही हलकी वक्रता येते. हा बदल मी वर्षानुवर्षे, वर्गामागून वर्गांत पाहिला आहे. त्यात उपजत काही नव्हते.

कॅमेरा हाती घेणाऱ्याचीही सुरुवात तिथूनच होते. आपण माणसाचा फोटो काढतो तेव्हा मन चेहऱ्यापाशी थांबते. लेन्स मात्र डोक्यामागून गेलेली विजेची तार, कोपऱ्यात घुसलेले अर्धे स्कूटर आणि पाठीमागचा फ्लेक्स हे सारे तितक्याच इमानाने नोंदवते. चौकटीच्या चारही कडा तपासून मग बटण दाबायची सवय लागायलाच बराच काळ जातो.

त्यापेक्षाही अधिक काळ लागतो तो प्रकाश ओळखायला, आणि त्यासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्यावाचून दुसरा मार्ग मला माहीत नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या. तो उत्तराभिमुख आहे. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे हा दरवाजा दिवसभर स्वतःच्याच सावलीत राहतो. समोरून फोटो काढणाऱ्याच्या चित्रात एक तर मागचे आकाश पांढरे फटक होते, नाही तर दरवाजा काळा ठिक्कर पडतो, आणि मग कॅमेऱ्याला दोष दिला जातो. पण तीच सावली जवळ जाऊन पाहिली तर दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांसाठी फार चांगली असते, कारण उत्तरेच्या मोकळ्या आकाशातून येणारा प्रकाश शांत आणि एकसारखा असतो. चित्रकार आपल्या स्टुडिओला उत्तरेकडची खिडकी मागतात ते याच कारणाने. एप्रिलच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत परिस्थिती पालटते. सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, सकाळचे तिरपे ऊन उत्तरेकडच्या तटाला आणि बुरुजांना घासून जाते आणि एरवी सपाट दिसणाऱ्या दगडांचे सांधे उठून दिसू लागतात. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा माणसांचे डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात आणि उघड्यावर व्यक्तिचित्र काढण्यात अर्थ उरत नाही. हे सारे वाचून समजते, पण दरवाज्यासमोर वेगवेगळ्या ऋतूंत उभे राहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. एका रविवारी वाडा, पर्वती, पाताळेश्वर आणि सारसबाग उरकणाऱ्या फोटो-सहलींनी ते कसे साधावे?

थोर छायाचित्रकारांच्या वाटचालीतही हेच दिसते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे आधी आंद्रे लोत या चित्रकाराकडे रीतसर चित्रकला शिकले होते आणि पुढे त्यांनी बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर केले. त्यांच्या १९५२ च्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’, म्हणजे चौकटीतले सारे नेमके जुळून येते तो क्षण, ही कल्पना इतकी रूढ झाली की तो क्षण दैवाने हाती लागतो असा लोकांचा समज झाला आहे. त्या क्षणामागे चौकट ठरवून वाट पाहणे असते, हे विसरले जाते. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या होत्या. उलट रघु राय यांचे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे, त्यामुळे कलाशाळेची पायरी चढलीच पाहिजे असेही नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे त्यांच्यात वावरून टिपले, म्हणूनच त्या चित्रांना परक्याच्या कुतूहलाचा वास येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. फिल्मच्या काळात एका रोलवर ३६ चित्रे असत. रोल धुतल्यावर सगळ्या निगेटिव्ह एकाच कागदावर मूळ आकारात छापल्या जात आणि तो कॉन्टॅक्ट प्रिंट भिंगाखाली धरून, पेन्सिलीने खुणा करत निवड होई. छायाचित्रकाराला आपली सगळी धडपड त्या एका कागदावर दिसे: कुठे तो लवकर थांबला, कुठे एक पाऊल डावीकडे सरकल्यावर चित्र जमले, कुठे नाहक रेंगाळला. आज फोन एका दमात वीस चित्रे काढतो, पण ती शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. बरे वाटले ते लगेच पुढे पाठवले जाते, उरलेली पुसली जातात किंवा विसरली जातात, आणि किती लोकांना आवडले हीच कसोटी ठरते.

निवृत्तीनंतर आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकत्र बसतो. प्रत्येकाने एकाच जागेची साधी, पोस्टकार्डाएवढी छापील चित्रे आणायची, टेबलावर पसरायची आणि पहिली काही मिनिटे कोणीही बोलायचे नाही, एवढाच आमचा नियम. एक विद्यार्थिनी बरेच रविवार महात्मा फुले मंडईत जात होती. तिच्या चित्रांमध्ये भाजीवाल्या मावशींचे प्रसन्न हसरे एक चित्र होते. ते आम्हां सर्वांना आवडले आणि तिनेही ते वर ठेवले. त्याच गठ्ठ्यात खाली दुसरे एक होते. त्यात चेहरा नव्हता, फक्त तराजूचे पारडे, त्यात गवारीचा ढीग आणि जास्त झालेली एक शेंग काढावी की राहू द्यावी अशा बेतात थबकलेली मावशींची दोन बोटे. पुढच्या महिन्यात तिने हसरे चित्र आपणहून बाजूला काढले. तिचे म्हणणे असे होते की त्या चित्रात मावशी कॅमेऱ्यासाठी हसत आहेत, गिऱ्हाइकासमोर त्या अशा नसतात. त्यानंतर ती मंडईत उभी राहण्याऐवजी तराजूच्या उंचीवर बसून चित्रे काढू लागली. ही समज तिला कोणत्याही कार्यशाळेत दिलेल्या सेटिंग्जच्या तक्त्यातून आली नसती. स्वतःची दोन चित्रे समोर ठेवून एक नाकारावे लागले, तेव्हा ती आली.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. बालगंधर्व कलादालनात छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचे आणि अडकित्त्यांचे इतके घाट एकत्र पाहायला मिळतात की आकार पारखायला त्याहून चांगली शाळा शोधूनही सापडणार नाही, आणि छायाचित्रकारांनी तिथे वही-पेन्सिल घेऊन जावे असे मी नेहमी सांगते. पाहायला जागा आहेत. निवड कशी करायची याची उघड चर्चा मात्र कुठेच होत नाही.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांना विनंती आहे की एका ‘बेस्ट’ चित्राऐवजी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एकाच जागेची, एका ऋतूत काढलेली सात-आठ चित्रे मागवावीत आणि परीक्षकांनी निकालासोबत आपली कारणे चार ओळींत लिहून द्यावीत. आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. महिन्यातून एकदा तरी प्रसिद्ध केलेल्या छायाचित्राशेजारी त्याच प्रसंगाची नाकारलेली दोन-तीन चित्रे लहान आकारात छापावीत आणि ती का मागे राहिली हे आपल्या छायाचित्रकाराच्या शब्दांत द्यावे. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी आपल्या कार्यालयात छायाचित्रांचा ढीग पडत असणार; त्यामुळे येत्या गणेशोत्सवापासून याची सुरुवात करणे अवघड जाऊ नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे ३०