मॅग्नेटिक हिलला जाण्याआधी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

लेहला गेल्यावर मॅग्नेटिक हिल, म्हणजे न्यूट्रलमधली गाडी आपोआप चढावर जाते म्हणतात ती जागा, बघायचीच असं तुम्ही म्हणता, म्हणून सविस्तर लिहितेय. आधी तब्येतीचं. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसता आराम करा. मॅग्नेटिक हिल लेहहून श्रीनगरच्या रस्त्यावर, पत्थरसाहिब गुरुद्वाऱ्याच्या पुढे, तिसेक किलोमीटरवर आहे. तिसऱ्या दिवशी गेलात तरी चालेल.

रस्त्यावर चौकोन आखलाय आणि बाजूला पाटी आहे. गाडी चौकोनात उभी करून न्यूट्रलला टाकायची आणि ब्रेक हळूच सोडायचा. इंजिन मात्र बंद करू देऊ नका, कारण ते बंद झालं की ब्रेक कडक होतो आणि स्टेअरिंग जड. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ड्रायव्हरने 'एन'वरच टाकली ना, ते बघा. 'डी'वर गाडी सपाट रस्त्यावरही आपसूक सरकते, मग ती बघण्यात काही अर्थ नाही. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा चाक खडीत असेल, तर गाडी जागची हलतही नाही.

बाबा, डोंगरात चुंबक आहे असं तिथे कोणीतरी सांगेलच. दोऱ्याला लोखंडी किल्ली बांधून ओळंब्यासारखी लटकवा. दीड टनाची गाडी ओढणारं चुंबक असतं तर ती किल्ली तिरकी झाली असती. ती सरळच लटकते. गाडी चढत नाही, उतरत असते. डांबरी रस्त्यावर दीड टनाची गाडी हलायला साधारण १५ किलोचा जोर पुरतो, आणि शंभराला एक एवढ्या उतारावर तेवढा जोर तिच्या वजनातूनच मिळतो. इतका बारीक उतार डोळ्यांना कळत नाही. खरं क्षितिज डोंगरांनी झाकलेलं असतं, म्हणून डोळे आजूबाजूच्या उतरणींनाच आधार मानतात. तीव्र उतारापाठोपाठ सौम्य उतार आला की तो चढ वाटतो. इटलीत मानसशास्त्रज्ञ पाओला ब्रेस्सान आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून हेच दाखवलं. स्कॉटलंडच्या इलेक्ट्रिक ब्रे नावाच्या रस्त्यावर तर उतार ८६ ला १ असून तो उलटा भासतो, असं दगडावरच कोरून ठेवलंय.

तरी दोघांनी मोजून बघावं असं मला मनापासून वाटतं. गवंड्यांकडे असते तशी पारदर्शक नळी घ्या, पाच मीटरची. पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, सगळी चूक तिथेच होते. रस्त्याच्या कडेला आई, तू एक टोक धर. बाबा, तुम्ही चार मीटरवर, चढ वाटतो त्या बाजूला दुसरं. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. चढ वाटणाऱ्या बाजूला आकडा मोठा आला, तर ती बाजू खरं तर खाली आहे. शंभराला एक उतार असेल तर फरक चारेक सेंटीमीटर येईल.

फोनवर विसंबू नका. जीपीएसची उंची कित्येक मीटरने चुकते, आणि इथे शंभर मीटरला एखादाच मीटर फरक असतो. फोनमधली पाणसळ वापरलीच, तर एकदा मोजून फोन उलट्या दिशेने फिरवा, पुन्हा मोजा आणि अधिक-उणे चिन्हासकट दोन्ही आकड्यांतला फरक काढून त्याचा अर्धा घ्या. चेंडू सोडूनही कळत नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे शंभराला दोन-अडीच एवढा उतार दिलेला असतो, त्यामुळे चेंडू सरळ न जाता कडेला पळतो.

मग पलीकडच्या टोकाला थोडं चालत जाऊन मागे वळून बघा. बऱ्याचदा तिथून भास विरतो आणि उतार उतारासारखा दिसू लागतो. चाल सावकाश ठेवा, धाप लागली तर लगेच गाडीत बसा.

रस्ता महामार्गाचा आहे, लष्कराच्या गाड्यांचे ताफे सतत जातात. नळी धरून मधे उभे राहू नका, आणि गाडी न्यूट्रलला असताना मागून कोणी येत नाही ना, यावर एकाने लक्ष ठेवा.

तुमची लेक