राहिलेले पैसे घेऊन जा, दादा

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ओळखणारे ओळखतील.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दापोली तालुक्यात घरांवरचे पत्रे कसे उडाले ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्यामुळे गाडीसाठी घराशेजारी पत्र्याची शेड घालायची म्हटल्यावर माझ्या पोटात आधीच गोळा. त्यात तुमच्या आधी एक गृहस्थ येऊन गेले. बोलायला गोड. ॲडव्हान्स घेतला, खड्डे खणले, पाइप उभे करून भोवती नुसतं डबर ठोकलं आणि गायब! फोन केला की "उद्या येतो ताई." त्यांचा उद्या कुठल्या पंचांगात असतो देव जाणे. पुढे पुढे फोन उचलणंही बंद. इकडे मृग तोंडावर.

तुम्ही आलात, एक पाइप धरून हलवलात आणि म्हणालात, "हे वाऱ्याला नाही टिकायचं. उपटू या." बस. आधीच्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. मी मात्र त्याचा यथेच्छ उद्धार केला, तो तुम्ही मान खाली घालून ऐकलात आणि टेप काढून मापं घ्यायला लागलात.

तीन बाजू बंद आणि एक उघडी असली की वारा आत शिरून पत्रा खालून उचलतो, हे मला तुमच्याकडून कळलं. म्हणून खांबांना काँक्रीट, म्हणून छपराखालच्या कैच्यांना तिरके आधार, म्हणून वळचणीला जास्तीचे स्क्रू. बाकीचं तुमचं तुम्हाला माहीत.

पण हे पत्र शेडसाठी नाही. शेवटच्या संध्याकाळी पोरांनी सामान टेम्पोत भरलं, आणि तुम्ही जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून अंगणभर ओढत फिरायला लागलात. पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस तुम्ही आधीच मऊ झाडूने उतरवला होता, गंजून रंगावर डाग पडू नयेत म्हणून. आता हे काय, मला कळेना. "राहू द्या हो, मी झाडून घेते," म्हटलं. तर म्हणालात, "झाडूने नाही निघत ताई. वासरू इथेच चरतं ना? पोटात गेलं तर बाहेर यायचं नाही." चुंबकाला कीसाची दाढी फुटली होती, तिच्यात दोन स्क्रू आणि एक वाकडा खिळा. तो खिळा तर तुमचा नव्हताच! कागदात गुंडाळून सगळं टेम्पोत टाकलंत.

वासराबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही येता-जाता बघितलं असणार. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, जे न केल्याचं कुणाला कळणारही नाही, ते काम करणारी माणसं आहेत अजून, दादा. आपण मात्र बुडवून गेलेल्यांच्याच गोष्टी गावभर सांगत बसतो. मीही त्यातलीच.

आणि हो, राहिलेले पैसे. फोन केला की "बघू ताई, पाऊस एकदा लागू दे, गळतंय का कळू दे." पाऊस लागून झाला, थेंब नाही आत. आता गणपतीत तरी या. मोदक खा, पाकीट घ्या. नाहीतर मी टेम्पो अडवून देईन.

तुमची,
वासरूवाली ताई